आत्याबाईंची चांदीची डबी

काय सांगू बायांनो, घराचा विमा होताच, पण शेजारी चोरी झाली आन् माझ्या जिवाला घोर लागला. एजंट म्हणला, "दागिन्यांचा विमा वेगळा वाढवावा लागतो. सोनाराकडून तोलून कागद आणा."

लेकरू कडेवर, सासूबाई म्हंजी आमच्या आत्याबाई संगं, अशी उदगीरला सोनाराकडं गेले. माझं सोनं तोलून झालं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबीबी लिव्हा."

"काढून द्या आजी, तोलतो," सोनार म्हणला.

"काढू? आपल्या लिंगायतांत मेल्यावरबी काढत न्हाईत ही! डबीसगट मलाच तोल."

"माणसाचा विमा येगळा असतो, आजी."

झालं! आत्याबाई उठल्याच. "माझ्या डबीचा न्हाई तर कुणाचाच विमा न्हाई. चल घरी. माझी डबी न्यायची तर चोराला मलाबी उचलावं लागंल."

माझं डोस्कंच फिरलं. मी वरडले, "तुमचं बरं हाय हो! माझं सोनं परत ज्वारीच्या डब्यातच ठिवू का?"

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

घरी आल्या आल्या जागा बदलली. कुठली, ते आता तुम्हालाबी सांगणार न्हाई.