वर कोणाचं नाव

आजच्या सत्कारमूर्ती प्रभावतीताई, सभेचे आणि आपल्या युनियनचे अध्यक्ष आदरणीय नानाजी, मंचावरील खाण व्यवस्थापक साहेब, दारव्ह्याहून मुद्दाम आलेले ताईंचे बंधू, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

आधी अध्यक्षांचं नाव घ्यायचं असते, हे मलेही समजते, नानाजी. सरचिटणीस म्हणून इतकी वर्षं तेच करत आलो. आज क्रम मुद्दाम बिघडवला. का, ते सांगतो.

ताई अठ्ठावीस वर्षं लॅम्प रूममध्ये होत्या. पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्याकडे खाली उतरणारा माणूस दिवा घेतो आणि आपल्या नंबरचा पितळी बिल्ला ताईंकडे देतो. तो बिल्ला फळ्यावर लटकतो. माणूस वर आला, दिवा परत दिला, की बिल्ला त्याच्या हाती. पाळी संपूनही एखादा बिल्ला उरला, तर ताई जागच्या हलत नसत. आमचा रामधन एकदा दिवा न देता तसाच कॅन्टीनमध्ये भजी खात बसला होता. ताईंनी तिथं जाऊन सगळ्यांदेखत त्याची जी काढली, ती त्याला अजून आठवते. हस, रामधन. हसण्यासारखं आज एवढंच आहे.

सहा वर्षांपूर्वी आपला श्रावण कंत्राटी ड्रायव्हरांची युनियन बांधत होता. वजनकाट्यापाशी ठेकेदाराच्या माणसांनी त्याला रॉडनं मारलं, पाय मोडला, आणि गुन्हाही त्याच्यावरच दाखल झाला. तेव्हा आपण काय केलं? खरं बोलू? घाबरलो. दारं लावून घरात बसलो. आणि समुद्रापलीकडच्या एका देशातल्या कोळसा कामगारांनी, ज्यांना आपली वणी नकाशात शोधावी लागली असेल, चार दिवसांत तीनशे पत्रं पाठवली. ठाण्यात, कंपनीत, थेट मंत्रालयात. पुढाकार मातेओ नावाच्या एका ड्रिलरचा. श्रावणला तो नागपूरच्या परिषदेत एकदाच भेटला होता. श्रावण सांगतो, "ठाणेदार मले विचारे, हा मातेओ तुहा कोन लागते बे? मी म्हनलं, भाऊ लागते." आठवड्यात जामीन झाला. तिसऱ्या रांगेत काठी घेऊन बसलाय, तोच श्रावण.

दोन वर्षांपूर्वी तिकडं संप झाला आणि मातेओला घरातून उचलून नेलं. त्यांच्या युनियनचा मेल त्याच दिवशी आपल्या ऑफिसात आला. लिहिलं होतं, पहिले काही दिवसच हातात असतात, लगेच लिहा.

आपण बैठक घेतली. मजकूर अर्ध्या तासात तयार झाला. मग प्रश्न निघाला, खाली नावं कोणत्या क्रमानं? अध्यक्ष आधी की सरचिटणीस? कार्याध्यक्ष म्हणाले, मागच्या बॅनरवरही मले खाली टाकलं होतं. लग्नपत्रिकेत काकाचं नाव मागं गेलं की जे होतं, तेच झालं. पत्र तीनदा टाइप झालं, तीनदा फाडलं. नानाजी रुसून पांढरकवड्याला लेकीकडे निघून गेले आणि शिक्का राहिला त्यांच्या कपाटात. मान खाली घालू नका, नानाजी. माझी चूक तुमच्याहून मोठी आहे. मी एक फोन करून म्हणू शकलो असतो, तुमचं नाव वर टाका. म्हणालो नाही. मला माझं वर पाहिजे होतं.

मेल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ताई माझ्या टेबलाशी आल्या होत्या. वहीचा कागद, चार ओळी, खाली त्रेचाळीस सह्या आणि पाच अंगठे.

"हे तं धाडा, राजदीपभाऊ."

मी म्हणालो, ताई, मराठी तिकडं कोण वाचणार? अधिकृत पत्र जाऊ द्या आधी.

"सह्या तं दिसतीन ना त्याईले. काहून थांबून राह्यले तुमी?"

मी तो कागद खणात टाकला. त्या दिवशी ताईंनी फळ्याच्या शेवटच्या खिळ्याला एक कोरा बिल्ला अडकवला, मातेओच्या नावानं. रोज पाळीवर येताना माझ्या दारात थांबायच्या आणि विचारायच्या, "गेलं काय पत्र?"

अकराव्या दिवशी गेलं. नवव्या दिवशी मातेओ नदीत सापडला होता. हात मागं बांधलेले होते.

आपल्या पत्रानं तो वाचला असता का? मला माहीत नाही. त्याच्या पत्रांनी श्रावण वाचला, एवढं माहीत आहे.

महिन्याभरानं त्याच्या बायकोचं उत्तर आलं. तिनं आपले आभार मानले होते. पुढं लिहिलं होतं, इतक्या लांब बातमी उशिरा पोचली असेल, मनाला लावून घेऊ नका. ते उत्तर मी तुम्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. ती ओळ गाळून.

बिल्ला अजून तिथंच आहे. काल चार्ज घेताना, ताईंच्या जागी आलेल्या अपेक्षानं विचारलं, हा कोणाचा? ताई म्हणाल्या, "वर नाई आला तो. राहू दे."

ताई, तुम्ही दोन वर्षं मला एका शब्दानं बोलला नाहीत. रामधनला बोलला होतात तसं बोलला असतात, तर बरं वाटलं असतं.

अध्यक्षांनी एवढं बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी सर्वांचा आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, मागं-पुढं झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. त्या अकरा दिवसांची माफी मात्र मी या सभेकडे मागत नाही. मातेओच्या बायकोला पत्र लिहिलंय, की बातमी आम्हाला त्याच दिवशी मिळाली होती. सोबत ताईंचा तो वहीचा कागदही जातोय. पत्राखाली या वेळी एकच नाव आहे, माझं.