पायलट जावयाची स्कूटर

सदर भागातल्या बसथांब्यावर माझ्यापुढं मुलाचे वडील गोपाळराव आणि मुलीचे वडील रुपराव सोयरिकीचं बोलत उभे होते.

“आमचा पोरगा सोनेगावच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवणं शिकून राहिला, रुपरावजी. स्कूटर तर द्याच लागन.”

“काहून जी? तो तर उडते ना?”

“विमानतळावर जायले लागते.”

“तिथं गेला का लगेच उडते?”

“पहिले मिल्ट्रीची विमानं उडतात. मग मुंबईचं पाशिंजर. मग क्लबचा नंबर.”

“तवा उडते?”

“तोवर ऊन तापते, हवा बिघडते. मास्तर म्हणते, उद्या ये.”

“मग दिवसभर काय करते?”

“काय करन? निंबाखाली बसून राहते.”

“किती वर्षं झाली?”

“तिसरं चालू आहे. पण पायलट म्हणजे पायलट!”

“मग स्कूटर राहू द्या, गोपाळरावजी. चांगली आरामखुर्ची देतो, घेऊन जा. पोरगी नाही देत.”