रोबोट कितवी पास?

“सर, तुमच्या रोबोटला सतराचा पाढा येतो का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी विचारलंच! शाळेत आलेल्या कंपनीच्या सायन्स व्हॅनमधला रोबोट म्हणाला, “गणित मजेदार है, मजेदार, मजे...” आणि अडकला. माझ्यामागे बंद मिलमधले एक फिटर काका नातीला घेऊन उभे होते.

“पट्टा घसरलाय, भिया,” काका व्हॅनवाल्या सरांना म्हणाले. “सरका जरा.”

“हात लावू नका! मुंबईहून इंजिनिअर येईल.”

“मिलमध्ये तीस वर्षं हेच केलं. हं, घ्या.”

“गणित मजेदार है!”

“अरे, चालला!”

“मग ठेवता का मला कामावर?”

“आम्हाला बीएस्सी लागतो, काका.”

“अच्छा? आणि हा रोबोट कितवी पास?”

घरी पोचताच मी सांगून टाकलं, “आई, बाबा, अकरावीला कॉमर्स नाही, मी मॅथ्स घेणार, बीएस्सी करणार. आणि आधी त्या काकांकडे पट्टा चढवायला शिकणार!”