जेनचं आमिश पीठ

अगं, वॉटफर्डला आमच्या शेजारच्या जेनने मला बरणीभर सावरडो स्टार्टर दिलं, म्हणजे पावाचं, साखर घालून आंबवलेलं पीठ. "अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या आमिश लोकांचं आहे, हातोहात इथवर आलंय. जप हं!" मी फ्रिजमध्ये ठेवून ऑफिसला गेले. परत येते तर सासूबाई आंबोळ्या वाढतायत!

"आई, ते पीठ..."

"गोडच होतं गं. हिंग-मिरची घालून ठीक केलं."

तेवढ्यात जेन दारात. तिचं स्टार्टर मेलं होतं, माझ्याकडचं थोडं हवं होतं. मी आईंकडे पाहिलं. आई शांतपणे वाटी घेऊन आल्या. "विरजणाला ठेवतो तसं त्यातलंच चमचाभर ठेवलंय. सगळं कोणी संपवतं का?"

जेनने ते पुढे वाटलं, आणि आता अख्ख्या गल्लीच्या सँडविच ब्रेडला हिंगाचा वास येतो, आणि जेन सगळ्यांना सांगते, "अस्सल आमिश चव!"