ब्रेक कुठाय ह्याचा?

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, तुम्हाला मोबाइलची भीती वाटते का?" भीती? मला? अहो, नवशिक्यांच्या शेजारी बसून, जीव मुठीत धरून जिने उभा जन्म काढला, तिला भीती?

तुम्हाला सांगते, झालं काय, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक माझा दीर. गाडी शिकवणारं ॲप आणायचं घेतलंन डोक्यात. "वहिनी, ॲप जमलं की तुमचे वर्ग बंद, आराम करा!" म्हणजे मला घरी बसवणार ते ॲप, आणि ते वापरायला सोपं आहे का हे तपासायला बोलावलं कोणाला? मलाच!

पांढरी खोली, एक कॅमेरा, समोर एक चष्मेवाली. गोड आवाजात म्हणते, "घाबरू नका हं, आम्ही तुमची नाही, ॲपची परीक्षा घेतोय. फक्त मनात येईल ते मोठ्याने बोला." आता हे मला सांगायचं असतं होय?

पडद्यावर लाल सिग्नल आला. मी थांबले. हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी थांबले! तर ॲप विचारतं, "तुम्ही आहात ना?" अरे, सिग्नलला उभी आहे, जाणार कुठे! तेवढ्यात, "वेळ संपली, नापास!" चष्मेवाली खरडता खरडता म्हणते, "तुमची नाही हं, ॲपची परीक्षा." मग नापास कोण झालं?

पुढे क्लच. तो बोटाने वर सरकवायचा! सरकवला, तर चपलांची जाहिरात उघडली. आता मागे कसं जायचं? "रिव्हर्स कुठाय ह्याचा?" मी ओरडले. मधे रस्त्यावरच्या एका पाटीचं उत्तर माझंही चुकलं, नाही म्हणत नाही, पण ती पाटी एवढीशी, की मुंगीनेसुद्धा चष्मा मागावा... "ॲपची परीक्षा हं मॅडम, ॲपची!"

आणि मग आडवे आले एक म्हातारबाबा. पडद्यावर हो! मी ब्रेक शोधतेय, शोधतेय... आणि शेजारी पोरगा बसल्यासारखी सवयीने ओरडले, "ब्रेक दाब! अरे, झोपलास का?" असा पाय आपटला टेबलाला, की कॅमेरा खाली!

दीर धावत आला. म्हटलं, "भावोजी, घरी बसवायचं तर खुशाल बसवा. पण ज्याच्यात ब्रेक सापडत नाही, त्याच्या भरवशावर मी पोरं रस्त्यावर सोडू देणार नाही. परीक्षा ॲपची ना? मग लिही गं, नापास!"

चष्मेवालीने लिहिलं! खरंच लिहिलं हो. वर्ग राहिले माझे.

पण ॲपवाले महा बेरकी. माझं ते ओरडणं रेकॉर्ड झालेलं, तेच घातलं सुधारलेल्या ॲपमध्ये. आता पोराचं चुकलं की मोबाइल खेकसतो, "झोपलास का?" म्हणे पोरं झटपट शिकतात.

आणि आमचे हे! जन्मात गाडीला हात न लावलेला माणूस, रोज ते ॲप उघडून बसतो. म्हटलं, "काय शिकताय एवढं?"

"काही नाही गं," म्हणतात, "तुझा आवाज बंद करायचं बटण आहे ना, ते फार सोपं केलंय."