कुलूपवाल्याचा पहारा

…आणि वर मलाच विचारतात, "भाऊ, तुम्हाला गरज काय होती?" आता गरज म्हणजे काय, गरज नव्हतीच. चांगलं चाललं होतं. अंधेरी पूर्वेला आपला गाळा आहे, खाली गोदाम, वर ऑफिस, माल म्हणजे कुलपं, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या. तुमच्या घराला दार असेल तर कुठेतरी आपला संबंध आलेला असणार, एवढं मी नम्रपणे सांगू शकतो. शाळा नववीत सुटली, इंग्रजी कुलपांच्या खोक्यांवरून शिकलो, त्यामुळे 'रस्टप्रूफ' आणि 'हार्डन्ड स्टील' आजही घडाघडा वाचतो आणि कोणी 'हाऊ आर यू' म्हटलं की घाम फुटतो. अशा माणसाने कॉम्प्युटरच्या भानगडीत पडावं का? नाही ना? मी पडलो. आणि कशासाठी, तर बघायला. तुम्हाला सांगतो, बघू नये हो. बघितलं की दिसतं.

झालं काय, आमच्या व्यापारी मंडळाची मीटिंग होती. मीटिंग म्हणजे इडली, मेदूवडा आणि शेवटी आभार. शेजारी बसला होता माणिकलाल, घाटकोपरचा गुजराती, नळांचा धंदा. माणूस असा, की सांबार स्वतःचं पितो आणि लक्ष तुमच्या वाटीत. मला म्हणतो, "भाऊ, तुमच्या ऑफिसमधी नेट आहे ने? तो तुमचा स्टाफ दिवसभर काय बघते, तुम्हाला ठाऊक आहे?" म्हटलं, काम बघतात. तर हा असा हसला, की समोरच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. "भाऊ, माझा एक माणूस होता. पगार माझा, खुर्ची माझी, नेट माझा, ने तिकडे बसून प्लॉट विकत होता. बदलापूरचे. एक तर मलाच दाखवला." आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर वडा घशाखाली उतरेल? माझा नाही उतरला. तसाच टाकून आलो, आणि मी वडा टाकणारा माणूस नाही.

नाहूरला घरी आलो आणि बायकोच्या बहिणीच्या मुलाला फोन लावला. शौनक. गोरेगावला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्या पोराला काहीही विचारा, जगातली कुठलीही अडचण सांगा, तो म्हणतो, "सोप्पंय काका." रविवारी आला, ऑफिसातल्या एकेका मशीनमध्ये नजर ठेवायचं एक सॉफ्टवेअर टाकलं, प्रत्येक डब्याला, म्हणजे टेबलाखालच्या त्या सीपीयूला, नाव दिलं. हा नीलमचा, हा सुगंधाताईंचा, हा अंबादासचा. कोण किती वेळ नेटवर काय बघतं, सगळं माझ्या मोबाइलवर. "आणि तुमच्या केबिनमधल्या मशीनचं काय?" म्हटलं, त्यात कशाला? मी मालक आहे, मी मला ओळखतो. जाताना म्हणाला, "काका, पण स्टाफला सांगून टाका हां, की नजर आहे म्हणून." म्हटलं, सांगितल्यावर बघायचं काय? बायकोसुद्धा म्हणाली, "अहो, माणसं आपलीच आहेत ना? मग विचारा की तोंडाने." पण माझ्या डोक्यात बदलापूर…

मग आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. पूर्वी तराजू असायचा, पान्हे असायचे, आता काय, कॉम्प्युटर. तर सगळी मशीनं सोडवली, पुसली, मधल्या टेबलावर मांडली, हळद-कुंकू, झेंडूची माळ, माझ्या केबिनमधलंही होतंच, देवापुढे मालक-नोकर कसला? आरती झाली, पेढे झाले, आणि गोदामातल्या लोकांनी डबे उचलून परत टेबलाखाली ठेवले, वायरी जोडल्या, चालू. आता ते सगळे डबे एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले, काळे ठिक्कर. आणि आमचं सगळं काम नेटवर, एकाच खात्यात, सगळ्यांना एकच पासवर्ड. कुठल्याही डब्यावर बसा, समोर आमच्या कुलपाचं तेच चित्र. कोण कशाला बघतोय, कुठला डबा कुठे गेला?

मीही नाही बघितलं. मी मोबाइल बघत होतो.

पहिलं काय दिसावं? अंबादास. आमचा माल पाठवणारा. गोदामात कोपऱ्यात त्याचं टेबल. हा गृहस्थ दुपारभर बघतो काय, तर गंजलेली जुनी कुलपं साफ करायचे व्हिडिओ. म्हणजे तुम्ही कधी बघितलेत का? एक हात येतो, तेलात बुडवतो, घासतो, कुलूप सोन्यासारखं चमकायला लागतं… फार सुख असतं हो त्यात. मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः बघतो. केबिनचं दार लावून, आवाज बंद करून, चोरून. आणि म्हणून तर डोकं फिरलं. मी मालक असून चोरून बघतो आणि हा राजरोस? बरं, गंमत बघा, मी ज्या दिवशी माल घ्यायला बाहेर, त्या दिवशी हाही बघायचा नाही. मी परत आलो की हा सुरू. म्हटलं, काय हिंमत आहे, मालक समोर असतानाच बघतो.

दुसरीकडे सुगंधाताई. आमच्या जुन्या, एका बोटाने टाइप करतात, अक्षर सापडलं की त्याच्याकडे प्रेमाने बघतात आणि मग दाबतात. त्यांच्या नावावर नुसतं काम. बिलं, ऑर्डरी, पुन्हा बिलं. म्हटलं, बघा, उगाच आपण या बाईंना संथ समजत होतो.

आणि मग नीलम.

नीलम कोण, ते आधी सांगतो. आली तेव्हा बिलं करायला आली होती. आज कुठल्या बिल्डरला कुठली बिजागरी लागते, अलीगढहून निघालेला ट्रक कुठल्या नाक्यावर अडकलाय, कुठल्या गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं आणि कुणाला फोनच द्यायचा नाही, माझी बीपीची गोळी झाली की राहिली, सगळं तिच्या डोक्यात. कागदावर काही नाही. गाळ्यावर पाटी माझ्या नावाची आहे, बाकी धंदा नीलमचा. ती दोन दिवस गावाला गेली तर आम्ही एकमेकांकडे बघत बसतो.

तर मोबाइलवर काय दिसतं? नीलम. जेवणाच्या सुट्टीत. 'अंधेरीत अकाउंट्सची नोकरी.' 'मुलाखतीत काय विचारतात.' 'पगार किती सांगावा.' आणि खाली, 'अनुभव नसलेल्यांसाठी जागा.' माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, इतकं सगळं येतं पोरीला, आणि स्वतःला अनुभव नाही म्हणते, किती ती नम्रता! तुम्हाला सांगतो, बघू नये हो. बघितलं की दिसतं.

बायकोला सांगितलं. "मग विचारा ना तिला."

"काय विचारू?"

"जातेस का म्हणून."

"अगं, पण तुम्हाला कसं कळलं म्हणाली तर? मी काय सांगू, मी तुझ्या कॉम्प्युटरात डोकावतो म्हणून?"

"डोकावताना नाही वाटलं ते?" असं म्हणून ती भाजी चिरायला लागली. भेंडी होती, पण आवाज भोपळा फोडल्यासारखा.

मग मी काय करावं? व्यापारी माणूस, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात चाललं की आपण काय करतो? खुर्ची देतो, थंड देतो. मी खुर्ची आणली. मान टेकायला उशी, हात टेकायला हात, वर-खाली होणारी. नीलम म्हणाली, "भाऊ, माझी जुनी काय वाईट होती?" म्हटलं, बस गं, पाठीला बरी. रात्री मोबाइल बघतो तर, 'मुलाखतीला कोणता ड्रेस घालावा.' म्हणजे खुर्चीचा काही उपयोग नाही. मग तिचं टेबल एसीसमोर घेतलं. "भाऊ, मला गार सहन होत नाही." मग शाल आणून दिली. सुगंधाताई बघतायत, अंबादास बघतोय, ऑफिसात शाल-श्रीफळाचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी, 'पहिल्या नोकरीत किती दिवस सुट्टी मिळते.' पहिल्या? माझी नोकरी हिच्या हिशेबातच नाही? मग दिवाळीच्या आधीच पगार वाढवला. व्हिजिटिंग कार्ड छापली, 'जनरल मॅनेजर.' ती ते कार्ड उलटसुलट करून बघते आणि मला विचारते, "भाऊ, तुमची तब्येत बरी आहे ना? डॉक्टर काही म्हणाले का?"

म्हटलं, ठणठणीत आहे.

"मग गाळा विकताय का?"

"छे गं."

"बरं," म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला वाटलं, विरघळली. मला असं बऱ्याच वेळा वाटतं.

आता सगळा राग निघायला कोणीतरी पाहिजे ना? तो निघाला अंबादासवर. केबिनमध्ये बोलावला. म्हटलं, "काय रे, दुपारभर कुलपांचे व्हिडिओ बघतोस?"

तो म्हणाला, "कसले?"

"गंजलेल्या कुलपांचे. लाज वाटते का?"

"भाऊ," तो म्हणाला, "सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी खाली कुलपंच उचलतो. घरी गेल्यावर बायको म्हणते दाराला कडी लावा, तर मी म्हणतो तूच लाव, मला कडीचं तोंड बघायचं नाही. आणि मी फावल्या वेळात कुलपं बघू? दुपारी तर मी टेम्पोवर असतो. माझं मशीन चालू तरी असतं का, बघा खाली येऊन."

गेलो. मशीन बंद. त्यावर धूळ. आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर 'अंबादास' चालू. म्हणजे… अंगावर काटा आला हो. म्हटलं, याचं भूत बघतंय की काय कुलपं?

शौनकला बोलावून घेतला. तो टेबलाखाली शिरला, एकेक डबा बघितला, बाहेर आला तर नाकाला कुंकू लागलेलं. "काका, सोप्पंय. दसऱ्याला डबे बदललेत. अंबादासच्या नावाचा डबा तुमच्या केबिनमध्ये आहे. तुमचा, ज्यात सॉफ्टवेअर नाहीये, तो खाली गोदामात. दुपारभर कुलपं बघतात ते तुम्ही आहात."

अंबादास दारात उभा होता. त्याने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"आणि नीलम?" मी विचारलं.

"नीलमताईंच्या नावाचा डबा सुगंधाताईंच्या टेबलाखाली. आणि त्यांचा इकडे, नीलमताईंकडे."

सुगंधाताई उठून उभ्याच राहिल्या. "भाऊ, सईसाठी बघत होते मी. माझी लेक. शिकून झाली ना यंदा. जेवणाच्या सुट्टीतच बघायचे हो, डबा खाता खाता. चुकलं का काही?" म्हटलं, ताई, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही बसा. आणि जी बिलं बघून मी तुम्हाला मनातल्या मनात वाघीण म्हणत होतो… ते जाऊ दे.

पण आतून काय वाटलं सांगू? हलकं. फुलासारखं. नीलम जात नाही. सगळी शोभा झाली, पण नीलम जात नाही. सगळे घरी गेल्यावर तिला केबिनमध्ये बोलावलं, म्हटलं आता खरं सांगून टाकावं, काय व्हायचं ते होऊ दे. "नीलम, मी एक मूर्खपणा केला. मी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर…"

"नजर ठेवलीत," ती म्हणाली. "माहितीये."

"कसं माहिती?"

"भाऊ, त्या सॉफ्टवेअरचं बिल कोणी चुकतं केलं? ऑफिसात येतं ते प्रत्येक बिल माझ्याच हातून जातं. पहिल्या दिवसापासून माहितीये मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." रागावली नव्हती ती. रागावली असती तर मी माफी मागितली असती, माझी तयारी होती. नुसतं सांगत होती, ट्रक उशिरा येतोय असं सांगतात तसं. "इतकी वर्षं चावी माझ्याकडे असते गाळ्याची. वाटलं, विचाराल एकदा."

जन्मभर दुसऱ्यांना कुलपं विकली. मग मी तिला सगळं सांगितलं, डब्यांचं, सईचं, खुर्ची का, शाल का, कार्ड का. ती हसली, अगदी मनापासून हसली, डोळे पुसले. मलाही हसू आलं. म्हटलं, "जाऊ दे. तू काही नोकरी शोधत नव्हतीस, हे कळलं, बस झालं."

"नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते म्हणजे?"

"भाऊ, तुम्ही एकामागून एक द्यायलाच लागलात. खुर्ची काय, पगार काय, जनरल मॅनेजर काय. मी तुम्हाला ओळखते. माल घेताना तुम्ही शेवटच्या खिळ्यापर्यंत भाव पाडता. मला वाटलं, हा माणूस उगाच देणार नाही. म्हणजे बाहेर माझी खरंच काहीतरी किंमत असणार. म्हणून ते कार्ड घेऊन मी एका ठिकाणी विचारून आले, मालाडला."

"आणि?"

"आहे," ती म्हणाली. "किंमत आहे."

पुढच्या महिन्यात चाललीय. सगळं नीट शिकवून जाते म्हणाली आहे, अंबादासला, सुगंधाताईंना, वेळ मिळाला तर मलाही. बायकोला सांगितलं, तिने ताटात वाढलं फक्त. शौनकला फोन करून म्हटलं, ते तुझं सॉफ्टवेअर काढून टाक बाबा, खोटं सांगत होतं, नीलम चाललीय म्हणून, आणि आता नीलम खरंच चाललीय. तो म्हणाला, "म्हणजे काका, त्याने सांगितलं ते बरोबरच निघालं की. फक्त जरा आधी सांगितलं."