पंचावन्नाचं का चाळिसाचं

आन् ह्येला तोंडच न्हाय म्हनतोस? अरं गुरुशांत – गुरुशांतच की, छातीवर लिवलंय – जेऊरच्या ह्या हरिबानं चाळीस वर्सं बैलबाजारात दलाली केली, पन बिनतोंडाचं जनावर ह्या सात रस्त्याच्या चौकात, तुझ्या दुकानातच पयल्यांदा बघितलं. दात कुटं मोजू मी? त्यो मोठा, प्लेस्टेशन, त्याला तबकडी घालायला फट तरी हाय – पंचावन्न हजार! हे बारकं एक्सबॉक्स चाळिसाच्या आत, पन खातंय इंटरनेटातनं, आन् वर महिन्याला वर्गणी. म्हंजी जनावर स्वस्त आन् वैरण म्हाग. काय? लांबच्या मानसाबरोबर खेळायचं तर मोठ्यालाबी वर्गणी? मग पंचावन्न कशाचे रं, शिंगांचे? चित्र झकास दिसतंय म्हनं! माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू – मला दोन्हीतलं सारखंच दिसनार.

हात आन हिकडं. आन की, खात न्हाय! रुमालाखाली बोटं धरायची, भाव तितंच ठरतो, शेजारच्याला कळत न्हाय – बगा, घाबरला! कॅमेऱ्यात दिसतंय व्हय? दिसू दे, तुझ्या मालकालाबी शिकू दे. किंमत छापील, बदलत न्हाय? मग तू हितं कशाला हुबा हाईस, बोलायचं काम खोकंच करतंय की.

कुनासाठी काय? माझ्यासाठी. हस, हस. पुन्यात नातीकडं जे मशीन हाय, त्येच मला पायजे. गेल्या महिन्यात फोनवर म्हनली – आजोबा, तुमीबी घ्या, मी हितनं खेळंन, तुमी तितनं, खेळता खेळता बोलूबी. खेळातलं तिचं नाव लिवून घेतलंय, ही बग चिठ्ठी. मशीन कंचं, तेवढंच इचारायचं ऱ्हायलं. आता इचारा म्हनतोस? लई शाना! फोन लागत न्हाय ना. सुनेनं, देवयानीनं, माझा नंबरच बंद करून टाकलाय, आन् ल्योकबी तिच्याच दावनीला. मी काय केलं? काय न्हाय रं, गंमत. दुसऱ्याच्या फोनवरनं शाळेच्या शिपायाचा आवाज काढला – बाई, पोरगी जिन्यावरनं पडली, रगत थांबंना. हापिसातनं अनवानी पळाली म्हनं! रस्त्यात रिक्षाला धडकता धडकता वाचली, आन् शाळेत जाऊन बघती तर पोरगी मजेत डबा खातीया. बाजारात सांगितलं आस्तं तर आठवडाभर हसले आस्ते लोक – हसले आस्ते की. तू का खोकी पुसाय लागलास?

तुझा फोन दे. दे की, पळून जाईन काय ह्या गुडघ्यानं? नंबर पाठ हाय मला. ती काय वळखती, नवा आवाज काढतो, बग गंमत – हॅलो म्याडम, गेमच्या कंपनीतनं सायेब बोलतोय. आपल्या घरी मशीन कंचं हाय, मोठं का... व्हय. व्हय, हरिबाच. न्हाय, पोरीला काय न्हाय झालं, मी हितं दुकानात... अगं थट्टा न्हाय, ह्या टायमाला खरंच इचारतोय. देवयानी, एवढंच सांग, मोठं का बार–

घे तुझा फोन.

दोन्ही बांध. व्हय, दोन्ही, छापील भावानंच. आन् माझ्याकडं काय बघत बसलास? पावती कर.